मानधन

माझं अक्षर सुंदर आहे आणि त्यानंच माझं वाटोळं केलं. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कुणाला अर्ज लिहायचा असो की पत्रिकेचा मजकूर, माणूस माझंच दार ठोठावतो. मुंजाजीरावांनीही अक्षर पाहूनच मला आपल्या संस्थेत घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची शाळा बुडू नये म्हणून ते वसतिगृह चालवत. पैसा जिल्हा परिषदेचा, कंत्राट संस्थेचं, कागद माझे.

'मानधन' हा शब्द त्या कागदात मीच घातला. हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. मुंजाजीराव म्हणाले, "राधाकृष्ण, पगार म्हटलं की कायदा मागं लागतो. काहीतरी गोड लिही." मी स्वयंपाकाच्या सात बायकांना स्वयंसेविका केलं, त्यांच्या पगाराचं मानधन केलं आणि घरी जाऊन बायकोला फुशारकीनं सांगितलं. लाज वाटायला पुढं सहा वर्षं लागली.

यंदा जिल्हा परिषदेनं अनुदान वाढवलं, पण अट घातली: वसतिगृहात राबणाऱ्या प्रत्येक कामगाराला किमान वेतन. म्हणजे बायकांचा पगार जवळजवळ तिप्पट होणार होता.

"आपल्याकडं कामगार आहेतच कुठं?" मुंजाजीराव हसले. 'आम्ही स्वयंसेविका मानधनावर स्वेच्छेने सेवा करतो, वेतनाची अपेक्षा नाही' असा कागद त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. खाली सात सह्या हव्या होत्या. वाढीव पैशातून त्यांना वसतिगृहाचा वरचा मजला बांधायचा होता. मजल्याची गरज खरीच होती, एका गादीवर दोन-दोन पोरं झोपत. म्हणून तर मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

दुपारच्या जीपनं कागद हिंगोलीला पोचवायचा होता. सकाळपासून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. चौथ्या खेपेला कागद लक्ष्मीबाईंपुढं धरला. त्या साठ लेकरांच्या भाकरी थापत होत्या.

"इथं सही करा."

त्यांनी हात पुसले, कागद घेतला आणि वाचायला लागल्या. साक्षरतेच्या वर्गात मी त्यांना सही शिकवली होती, ते पक्कं आठवत होतं. वाचायलाही मीच शिकवलं होतं, हे मात्र सोयीनं विसरलो होतो.

"स्व... यं... से... ह्यो लांबलचक शबूद तुमी शिकवला न्हाई, गुरुजी."

"आपल्या मनानं सेवा करणारी."

"मनानं? म्या पोटासाठी करून राहिले. लेकीची, राणीची फी हाय. आन् मानधन म्हंजे?"

"मानाचं धन."

"मंग मान तुमी ठिवा, गुरुजी. धन बराबर द्या."

शेजारी पीठ मळणाऱ्या अनुसयाबाईंना हसू आवरेना. मी कागद उचलून तिथून निघालो.

मुंजाजीरावांना सांगितलं, तर त्यांनी शाईचा पॅड माझ्याकडं सरकवला. "वाचत बसतात? अंगठे घे."

पॅड घेऊन मी परत गेलो. लक्ष्मीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे काहून आणलं? आमचा आंगठा तुमीच सोडवला न्हाई का?"

मी पॅड चोरासारखा पाठीमागं लपवला. मग मात्र खरं सांगून टाकलं. सही केली तर पगार आहे तेवढाच राहील. नाही केली तर मुंजाजीराव दुसऱ्या बायका आणतील. तव्यावरची भाकरी करपली.

"तुमचं नाव कुठं हाय ह्यात?"

"माझं कशाला?"

"तुमी बी मानधनच घेता ना?"

स्वतःला कार्यकर्ता म्हणवून घेत मी सहा वर्षं छाती पुढं काढून हिंडलो होतो. घरी बायको, विजया, शिवणकाम करून किराणा भागवत होती.

मी कोरा कागद घेतला. सात नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढं 'कामगार'. सातही जणींनी सह्या केल्या. आठव्या ओळीशी, स्वतःच्या नावापाशी, माझा हात थांबला. काही केल्या उठेना. लक्ष्मीबाईंनी माझ्या हातातून पेन घेतला.

"कृ कसा काढायचा, गुरुजी?"

मी पिठात बोटानं काढून दाखवला.

जीपमध्ये दोन्ही कागद खिशात होते, एक सह्यांचा, एक बिनसह्यांचा. सेनगावापर्यंत माझा हात पहिल्यावर होता, पुढं दुसऱ्यावर. त्यावर सह्या तर मलाही ठोकता आल्या असत्या. कचेरीच्या टेबलापाशी पोचलो तरी मन ठरत नव्हतं. तिथल्या बाबूनं हात पुढं केला आणि मी बायकांचा कागद दिला.

त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सात ओळी मोत्यासारख्या, आणि आठवी एवढी वाकडी? ही कुणी लिहिली?"

"माझ्या विद्यार्थिनीनं," मी म्हणालो. "बरोबर लिहिलीय."