पंचायतीचं मैदान

कमलाकांत तामोरे तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. बाप मासेमारीच करायचा, पण कमलाकांत दहावी झाला आणि बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. पुढे लग्न झाल्यावर तो बोईसरलाच खोली घेऊन राहिला. त्याची ओळख मात्र नोकरीने झाली नव्हती, व्हॉलीबॉलने झाली होती. ठाणे जिल्ह्याच्या संघातून तो खेळला होता आणि त्याचा स्मॅश बघायला माणसं सायकली थांबवून उभी राहायची.

बोईसर-तारापूर रस्त्याकडेला गुरचरणाची थोडी जमीन उरली होती. बाकी सगळीकडे शेड आणि कुंपणं झाली होती. पंचायतीने तेवढा तुकडा खेळायला म्हणून राखून ठेवला. तो सपाट केला कमलाकांत, त्याचा जिवलग नवशा आणि दांडीच्या पोरांनी. खाडीची रेती त्यांनी बैलगाडीतून आणली. नवशाने मोडक्या होडीची डोलकाठी कापून दोन खांब केले आणि नायलॉनच्या दोऱ्याची जाळी स्वतःच्या हाताने विणली. कारखान्यातली, गावातली, किनाऱ्यावरची पोरं मग तिथे रोज संध्याकाळी खेळू लागली. आसपास खेळायला दुसरी जागाच नव्हती.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात कारखान्यातल्या एका साहेबांनी आपल्या मुलाला शिकवशील का, असं कमलाकांतला विचारलं. त्याने आनंदाने शिकवलं. साहेबांनी आग्रहाने पाकीट दिलं, तेही त्याने घेतलं. मग आणखी मुलं आली, आणि वर्षाच्या आत खांबांजवळ क्लासचा बोर्ड लागला. पालकांनी वर्गणी काढून मोठे दिवे बसवले, दुकानातून नवी जाळी आणली. पंचायतीतल्या भगवंतरावांनी संध्याकाळची वेळ क्लासला लावून दिली, आणि क्लासच्या उत्पन्नातला वाटा त्यांच्याकडे जाऊ लागला. गावातल्या पोरांनी क्लास सुटल्यावर खेळावं असं ठरलं, पण क्लास सुटला की दिवे बंद व्हायचे. पुढे तारेचं कुंपण आलं आणि फाटकाला कुलूप लागलं. किल्ली कमलाकांतकडे होती.

त्याने कुणाला हाकलून लावलं नव्हतं. पोरं आपोआप यायची थांबली, असं तो बायकोला, पुष्पलताला सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

एका संध्याकाळी नवशा आपल्या मुलीला सायकलवर बसवून घेऊन आला. हंसा तेव्हा आठवीत होती, उंच आणि लांब हातांची. पालघरला तालुक्याच्या मुलींच्या संघाची निवड होणार होती आणि शाळेने तिचं नाव दिलं होतं. नवशा फाटकाबाहेरच उभा राहिला.

"कमल्या, पोरीला जरा जाळीवर मारू दे. शिकवायला नको, आमी कोपऱ्यात खेळू."

आत बारा-पंधरा मुलं पांढऱ्या बुटांत रांगेने उभी होती. दोन आया खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि त्यातल्या एकीने हंसाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. ते कमलाकांतच्या लक्षात आलं. एरवी नवशाशी तो गावच्याच बोलीत बोलायचा, पण आता त्याच्या तोंडून शहरी मराठी आली.

"आत्ता जमणार नाही. ही वेळ बुक आहे. आणि बूट लागतात."

हंसाने बापाला विचारलं, अगदी सहज, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबा, हे पंचायतीचं नाय काय?"

नवशाने सायकल वळवली. कमलाकांतने शिट्टी वाजवली आणि क्लास पुढे सुरू केला. त्या संध्याकाळी त्याने मुलांना उगाच जास्त पळवलं.

त्यानंतर त्याला बोईसरच्या बाजाराची भीती वाटू लागली. नवशाची बायको काशीबाई तिथे मासळी विकायला बसायची. तो पुष्पलताला पाठवायचा. एकदा ती तापाने पडली म्हणून त्यालाच जावं लागलं. काशीबाईने नेहमीसारखे बोंबील मोजून दिले आणि वर मूठभर जास्तीचे टाकले. तिने तोंड फिरवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. हंसाचं काय झालं, हे त्याने कसंबसं विचारलं.

"नाय घेतली," काशीबाई म्हणाली. "सारखा जाळीला हात लागला म्हनतात. आमच्याकडं वाळूत बांबूला दोरी बांधतात, ती खाली येते. पोरीला उंच जाळीची सवय नाय." आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

कमलाकांत पिशवी घेऊन घरी आला. जाळीला हात लागणं ही काही मोठी चूक नव्हती. उडी सरळ वर कशी घ्यायची, हे त्याने कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आठवडाभरात ती सवय मोडते. तो आठवडा त्याच्याकडे होता, जागा होती, जाळी होती, आणि त्याने तिला बूट लागतात असं सांगितलं होतं.

त्याने पालकांना बोलावून सांगितलं की संध्याकाळचा पहिला तास आता सगळ्यांसाठी मोकळा राहील. पालक भांडले नाहीत. दिवे आम्ही लावले, जाळी आमची, आमच्या मुलांनी कुठे जायचं, एवढंच त्यांनी विचारलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मग तो भगवंतरावांकडे गेला. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे समजावलं की परवानगी क्लासच्या नावावर आहे, कमलाकांतच्या नाही. त्याला जमत नसेल तर पालघरहून दुसरे सर येतील. आठवडाभरात ते आलेही. किल्ली तेवढी परत मागितली गेली.

त्याला वाटलं होतं, जे आपण सुरू केलं ते आपल्याला थांबवता येईल. ते त्याच्या हातून कधीच निसटलं होतं.

रविवारी तो दांडीला गेला. ओहोटी होती. नवशा होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. कमलाकांत शेजारी वाळूत बसला. तो म्हणाला, "नवशा, माजं चुकलं."

नवशाचे हात चालूच होते. "चुकतं म्हंजे नकळत," तो म्हणाला. "तुला ठावं होतं."

कमलाकांतने मान खाली घातली. हंसाला मी शिकवतो, रोज येईन, पुढच्या वर्षी ती नक्की निवडली जाईल, असं तो सांगत राहिला. नवशाने सगळं ऐकून घेतलं.

"ती आता खेळत नाय. आईसंगं कामाला लागली. मी सांगून बघितलं." मग त्याने हनुवटीने किनाऱ्याकडे दाखवलं. तिथे लहान मुली खाली लोंबणाऱ्या दोरीवरून बॉल मारत होत्या. "त्यांना विचार. त्या हो म्हनल्या तर शिकव. मला इचारू नको."

मुली हो म्हणाल्या. त्याने बांबू खोल रोवले, दोरी ताणून बांधली, आणि उडी कशी घ्यायची ते दाखवलं. तेव्हापासून तो कामावरून सुटला की ओहोटीची वेळ बघून एसटीने दांडीला जाऊ लागला. पुढे त्यातल्या दोघी तालुक्याच्या संघात गेल्या. गावाने त्याचं कौतुक केलं आणि त्याला ते ऐकवेना.

हंसा रोज तिथेच जवळ बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत असायची. तिने कधी त्याला बोल लावला नाही. ती त्याच्याशी बोललीच नाही. एकदा बॉल घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने तो उचलला, क्षणभर दोन्ही हातांत धरला. कमलाकांतने नकळत हात पुढे केला. हंसाने बॉल धाकट्या मुलीच्या हातात दिला आणि ती पुन्हा बोंबलांकडे वळली.

मैदानाला कुलूप तसंच होतं. एसटी तिथून जायची तेव्हा कमलाकांत खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघायचा.