भुईगावची एक लेक

रोझलीनला पहिला संशय आला तो केळ्यांवरून.

गुरुवारी सकाळी ती ओटी झाडायला बाहेर आली, तर पायरीवर वेलची केळ्यांचा अख्खा लोंगर. शेजारच्या गॉडफ्रेच्या वाडीतला, हे तिने लांबूनच ओळखलं, आणि म्हणूनच तिने लोंगराला हात लावला नाही. गॉडफ्रे म्हणजे कुंपणापलीकडे पडलेला आपला पेरूसुद्धा हात घालून उचलून नेणारा माणूस. जन्मभर चिक्कू राहिलेला माणूस एका रात्रीत सुधारतो, असं पवित्र ग्रंथात होत असेल. भुईगावात होत नाही.

ह्याला कळलं, रोझलीन मनात म्हणाली. घरातल्या कोणीतरी तोंड उघडलं.

कळू नये अशी त्या घरात एकच गोष्ट होती. साडेसहा लाखांचं कर्ज. आता कर्ज कोणावर नसतं? लोक बंगल्याला काढतात, लग्नाला काढतात आणि मान वर करून सांगतात. पण हे कर्ज फसवणुकीचं होतं. मुलाला, ऑस्टिनला, जहाजावर नोकरी लावतो म्हणून एका एजंटने पैसे घेतले. तिच्या नवऱ्याने, अँथनीने, ते पतपेढीतून काढून दिले आणि एजंट गाशा गुंडाळून पसार झाला. जहाज नाही, नोकरी नाही, हप्ता मात्र दर पाच तारखेला हजर. कर्जबाजाऱ्याची लोक निदान कीव करतात, फसलेल्याला हसतात. आणि हसून घ्यायची ही वेळ नव्हती, कारण ईस्टरनंतरच्या रविवारी मुलीचा, ग्लोरियाचा, साखरपुडा होता. नवरामुलगा ॲलिस्टर, होळी गावाकडचा, चांगल्या नोकरीतला. त्याची आई ज्युली टीचर शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि समोरच्या माणसाकडे पेपर तपासल्यासारख्या बघायच्या. त्यांना कळलं तर काय, ह्याच्या पुढे रोझलीनचा विचार जात नसे.

म्हणून ईस्टरआधीचे चाळीस उपास ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतात, त्याच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं होतं. अँथनी, ऑस्टिन, ग्लोरिया आणि सासरे पास्कल. खर्च कापायचा, पण उपासकाळाच्या आडून कापायचा, ही युक्ती तिचीच. चाळीस दिवस मटण नाही, पोर्क नाही. वायफाय बंद, ऑस्टिनची जिम बंद, ग्लोरियाचं पार्लर बंद, रिक्षा सगळ्यांनाच बंद. पास्कलबाबांचा संध्याकाळचा पेग बंद. बुलेट फक्त रविवारी मिस्साला जाण्यापुरती. कोणी विचारलंच, तर मान खाली घालून म्हणायचं, यंदा आम्ही उपास जरा कडक पाळतोय.

"बुलेट विकलीच तर..." ग्लोरियाने तोंड उघडलं मात्र, अँथनी ताटावरून उठला.

अँथनीची बुलेट अख्ख्या गावाला माहीत होती. पोरं बापाच्या आवाजाआधी तिचा आवाज ओळखायला शिकली होती, आणि तो तिची चाकं टूथब्रशने घासायचा. विषय तिथेच मिटला.

"एक लक्षात ठेवा," रोझलीन म्हणाली. "ही गोष्ट ह्या चार भिंतींबाहेर गेली, तर ग्लोरियाचं लग्न गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आपली साडेसहा लाखांची हाय," पास्कलबाबा पुटपुटले.

पहिला आठवडा युक्ती अशी लागू पडली की विचारू नका. देवळातल्या बायका म्हणू लागल्या, रोझलीनच्या घरची भक्ती बघा. रोझलीनलाही थोडं भाविक वाटायला लागलं होतं. राखेच्या बुधवारी ती शेजारच्या गावच्या देवळात नोव्हेनाला, म्हणजे दर बुधवारच्या प्रार्थनेला, गेली, मरियामातेपाशी पोटभर रडली आणि तिथल्या मागण्यांच्या पेटीत एक चिठ्ठीही टाकून आली. नाव न घालता, अर्थातच. पुढच्या बुधवारपासून मात्र जाण्यायेण्याचे साठ रुपये वाचवायचे म्हणून तिने नोव्हेनाची प्रार्थना घरच्या अल्तारासमोरच म्हणायला घेतली. नोव्हेनाला जायचे ते एकटे पास्कलबाबा, गॉडफ्रेच्या स्कूटरवर मागे बसून, फुकट. आणि त्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या गुरुवारी ही केळी आली.

केळ्यांवर थांबलं असतं तर रोझलीनने गॉडफ्रेला देवाने बुद्धी दिली असं समजून सोडून दिलं असतं. पण शुक्रवारी पाचूबंदरची म्हावरेवाली आली. रोझलीनने पाव किलो सुकट मागितली, तिने अर्धा किलो ओतली, वर चार सुके बोंबील ठेवले.

"एवढं नको गं, पैसे..."

"ऱ्हाऊ दे गो बाय, मंग दे. दिवस काय कोनाचं सारखं नसतान."

दिवस सारखे नसतात हे हिला कोणी सांगितलं? शनिवारी बेकरीवाल्याने डझनाला चौदा पाव बांधले. रविवारी मिस्सा सुटल्यावर बायकांचा घोळका कुजबुजत उभा होता, तो रोझलीन जवळ गेल्याबरोबर उन्हाबद्दल बोलू लागला. आणि त्याच दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांनी अँथनीला थांबवून विचारलं, "बुलेट काढतोस काय रे? कितीला?"

अँथनी घरी आला तो लालबुंद होऊन. "कोणी सांगितलं लोकांना मी बुलेट विकतोय?"

"मी तेच विचारतेय," रोझलीन म्हणाली. "कोणी सांगितलं?"

त्या दिवसापासून घरात जी चौकशी सुरू झाली, तशी पोलीस ठाण्यातही होत नसेल. अँथनीला ऑस्टिनचा संशय, कारण त्याचे मित्र फार. ऑस्टिनला ग्लोरियाचा, कारण ती ॲलिस्टरशी फोनवर तासन्‌तास बोलायची. ग्लोरिया म्हणाली, डॅडीच कंपनीत कोणाकडे बोलले असतील, आणि रडायला लागली. रोझलीनला सगळ्यांचाच. ती ऑस्टिनचा मोबाइल तो आंघोळीला गेला की उलटा करून ठेवलाय का सुलटा, हे बघायची. ग्लोरिया फोनवर हसली तर का हसली, आणि हसली नाही तर का नाही, दोन्हींचा अर्थ एकच लागायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. रोझलीनच्या घरी त्या दिवसांत चारही चोर होते आणि चांदणं तिला एकटीला दिसत होतं.

शेवटी तिने एक डाव टाकला. प्रत्येकाला बाजूला घेऊन एकेक वेगळी थाप सांगितली. ऑस्टिनला, की फ्रीज विकायचाय. ग्लोरियाला, की आजीची साखळी मोडायचीय. अँथनीला, की मागची दोन गुंठे वाडी गहाण टाकायचीय. पास्कलबाबांना, की विहिरीवरचा पंप काढून द्यायचाय. जी थाप गावातून फिरून परत येईल, त्या थापेचा धनी चोर. चार दिवस ती कान टवकारून बसली. एकही थाप परत आली नाही. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, चला, माझी माणसं तोंडाची घट्ट आहेत. रोझलीन म्हणाली, चोर हुशार आहे.

मग ती एका माणसावर येऊन थांबली. रोज संध्याकाळी नाक्यावरच्या क्रुसाच्या कट्ट्यावर बसणारा कोण? गॉडफ्रेच्या स्कूटरवर मागे बसणारा कोण? केळी आली ती गॉडफ्रेच्या घरून आणि कोणत्या दिवशी, तर बाबा त्याच्याबरोबर नोव्हेनाला जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. पेग बंद झाल्याचा राग होताच. बोलता बोलता गेलं असेल तोंडून. म्हातारं माणूस, पण म्हणून काय झालं?

"बाबा," ती पास्कलबाबांच्या समोर उभी राहून म्हणाली, "खरं सांगा. तुम्ही गॉडफ्रेला बोललात?"

पास्कलबाबांनी तिच्याकडे बघितलं. मग दाराच्या आत बघितलं, तिथे ग्लोरिया सुजलेल्या डोळ्यांनी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी खांदे उडवले. नाही म्हणाले नाहीत.

"मला वाटलंच होतं," रोझलीन म्हणाली. "साखरपुडा होईपर्यंत क्रुसाकडे बसायला जायचं नाही. नोव्हेनालाही नाही. गॉडफ्रेशी बोलायचं नाही. तुमच्या नातीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"बरं," पास्कलबाबा म्हणाले.

तीन आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत. मागच्या दारी पाटावर बसून चिंचा फोडायचे. संध्याकाळी क्रुसाकडून म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज यायचा, तेव्हा त्यांचा हात जरा थांबायचा आणि पुन्हा चालायचा. गॉडफ्रेने दोनदा कुंपणावरून हाक मारली, त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. घर मात्र शांत झालं. अँथनी ऑस्टिनशी बोलायला लागला, ग्लोरिया पुन्हा फोनवर हसायला लागली. चोर सापडला होता. सासऱ्यांना जेवायला वाढताना रोझलीन ताट जरा आपटूनच ठेवायची, आणि ते काही बोलत नाहीत ह्याचा अर्थ तिने कबुली असाच घेतला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, काही न कळवता, ज्युली टीचर आल्या. एकट्या. रोझलीनने खुर्ची पुसली आणि सरबत करून पुढे ठेवलं.

ज्युली टीचरनी एक घोट घेतला. "रोझलीन, मी हॉल रद्द करायला सांगितलाय."

संपलं, रोझलीनला वाटलं. हॉलबरोबर सगळं रद्द झालं.

"साखरपुडा इथेच अंगणात करू," ज्युली टीचर पुढे म्हणाल्या. "पन्नास माणसं बस झाली. पोर्कचं इंद्याल मी घरून करून आणते, तुम्ही पाव आणि वडे बघा. साडीबिडीचं देणंघेणं दोन्हीकडून बंद. पोरांनाही पटलंय."

रोझलीनला आनंद व्हायला हवा होता. पण संशयाची सवय लागलेलं मन आधी दुसरीकडेच गेलं. "तुम्हाला आमच्या बाबांनी सांगितलं ना? गॉडफ्रेकरवी?"

"कोणी? मला तुम्हीच सांगितलंत की."

"मी?"

"दुसऱ्या बुधवारी, नोव्हेनाला. म्हणजे तुम्ही दिसला नाहीत, पण चिठ्ठी वाचली ना माइकवरून." ज्युली टीचरनी सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि मुख्याध्यापिकेच्या पाठांतराने, एक शब्द न चुकता, म्हणून दाखवलं. "हे माते, एजंटने आमचे साडेसहा लाख बुडवले, ते कर्ज आमच्या मानेवरून उतरव. माझ्या मुलीचा साखरपुडा होईपर्यंत हे कोणालाही कळू देऊ नकोस. आणि माझ्या नवऱ्याला बुलेट विकायची बुद्धी दे. तुझी, भुईगावची एक लेक."

मग त्या जरा थांबल्या. "कोणालाही कळू देऊ नकोस, ह्या वाक्यावर वाचणारी बाई अडखळली होती. पण तोवर वाचून झालं होतं. चार गावची माणसं असतात तिथे. आता भुईगावात ईस्टरनंतर साखरपुडा कोणाकडे आणि बुलेट कोणाची, हे कोणाला शोधायला लागतं?"

चिठ्ठी रोझलीनचीच होती. पेटीत ढीगभर चिठ्ठ्या पडतात, वाचतात चारपाच, आपली कशाला निघते, असं तिला वाटलं होतं. नाव घालायचं तिने कटाक्षाने टाळलं होतं. गावाचं नाव घातलं ते एवढ्याचसाठी, की मातेची कृपा यायची तर ती पत्ता चुकून दुसऱ्या गावात जाऊ नये. आणि त्या बुधवारी ती देवळात असती, तर आपलीच चिठ्ठी आपल्या कानांनी ऐकली असती. साठ रुपये वाचवायला म्हणून ती घरी राहिली होती. काखेत कळसा घेऊन तिने गावाला नव्हे, घरातल्या माणसांना वळसा घातला होता.

"अहो, एवढं काय," ज्युली टीचर म्हणाल्या. "आमच्या बंगल्याचे अजून नऊ वर्षांचे हप्ते आहेत. मी चिठ्ठी टाकली नाही, एवढाच फरक."

त्या गेल्यावर रोझलीन मागच्या दारी आली. पास्कलबाबा पाटावर बसले होते, पुढ्यात सुपात चिंचा. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, त्या बुधवारी तुम्ही देवळात होता."

"होतो."

"चिठ्ठी ऐकलीत?"

"कान गेलेत गो माझे. पण माइक हाय ना तिकडे."

"मग मला सांगितलं का नाही? मी तीन आठवडे तुम्हाला..."

पास्कलबाबांनी एक चिंच फोडली, चिंचोका काढून बाजूला टाकला. "सांगणार होतो. पण तू आज ऑस्टिनवर घसरायचीस, उद्या अँथनीवर. पोर तर रडून रडून आजारी पडली असती. आणि तुझीच चिठ्ठी हाय हे कळलं असतं, तर तू विहीर जवळ केली असतीस. मग तू मला विचारलंस. मी म्हटलं, बरं झालं." त्यांनी दुसरी चिंच घेतली. "घरात काटकसर चालू हाय नव्हं? चार माणसांवर संशय कुठे परवडतो? एकावर भागवला."

रोझलीनने तोंडाला पदर लावला आणि ती रडली, आवाज न करता, पण बराच वेळ. पास्कलबाबांनी तिला रडू दिलं. क्रुसाकडून म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज आला, तशी त्यांनी मान वळवून तिकडे बघितलं, हातातली चिंच सुपात ठेवली आणि भिंतीला टेकवलेली काठी चाचपली.

"मग आता जाऊ का मी?" त्यांनी विचारलं.