क्लिकगुरूचा वाढता आकडा

"सर, नेट बंद केलं तरी हा आकडा वाढेल का?"

क्लिकगुरूचा व्हिडिओ बघून मला पडलेला हा प्रश्न त्यालाच विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. "एवढी शहाणी आहेस ना, मग भर सभागृहात विचार!" विचारला. पण आधी काय काय घडलं ते ऐका, नाहीतर मजा नाही.

सभागृहात दीडशे माणसं, सगळी शिकलेली. कुणी समुपदेशक, कुणी लाइफ कोच, कुणी नवरा-बायकोची भांडणं मिटवणारे. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यातला गुंता सोडवायचा धंदा, आणि इथे येताना स्वतःची डोकी दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवून आलेली!

स्टेजवर क्लिकगुरू. पांढराशुभ्र सूट, गालाला चिकटलेला माइक आणि मधात बुडवलेला आवाज.

"वेबसाइट म्हणजे पान नाही, चुंबक आहे! तुमची कंपनं शुद्ध असली की क्लायंट आपोआप खेचला जातो!"

पडद्यावर एका कोचची वेबसाइट होती. तळाशी हिरवी अक्षरं : 'या क्षणी हे पान पाहणारे : ११२.'

"डोळे मिटा. श्वास घ्या. जगाला हाक मारा!"

दीडशे माणसांनी फुसफुस श्वास घेतले. डोळे उघडले, तर १३१! टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या एक बाई चक्क रडायला लागल्या.

"बघितलंस? एकोणीस माणसं!" बाबा माझ्या कानात कुजबुजले. हेच बाबा टरबूज घेताना चार वेळा टिचक्या मारून बघतात.

मला हसू येत होतं, पण पोटभर हसायची सोय नव्हती. कारण शेजारी बसलेल्या आईच्या पर्समध्ये तिचा राजीनामा होता. चौदा वर्षं ती एका शाळेत समुपदेशक आहे. 'अशी वेबसाइट असल्यावर नोकरी कशाला?' असं गुरूंनी तिला फोनवर पटवलं होतं. सोमवारी ती तो कागद मुख्याध्यापकांना देणार होती.

"आणि आता आपल्या या ताईंची वेबसाइट!" गुरू गरजले.

पडद्यावर आईचा फोटो आला. खाली तीन लोकांनी आईचे मानलेले आभार, त्यांच्या नावांसकट. आणि त्याखाली : ६४. पान जन्माला येऊन दोन मिनिटं झाली नव्हती, आणि चौसष्ट माणसं दारात उभी! तेव्हाच माझा हात वर गेला.

"बाळा," गुरू हसले, "नेट हे शरीर आहे. भाव हा आत्मा आहे."

"हो, पण वाढेल का?"

लोक हसले. मी तेवढ्यात स्टेजवर चढले आणि टेबलावरच्या लॅपटॉपचं नेट बंद केलं. आता बाहेरच्या एका माणसाचीही खबर त्या यंत्राला लागणं शक्य नव्हतं.

तोवर आकडा ९१ झाला होता. मग ९४. मग १००.



मग मी त्या पानामागचं लिखाण, म्हणजे कोड, सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर उघडलं. शाळेत आठवीतच शिकवतात हे. आत सरळ हुकूम होता : चौसष्टपासून सुरू कर, दर तीन सेकंदांनी एक ते सात यांतला कुठलाही आकडा मिळवत जा. संपलं! ना कंपनं, ना चुंबक. तुम्ही श्वास रोखून बसा नाहीतर नाक शिंकरा, आकडा वाढणारच.

"तांत्रिक बिघाड आहे!" गुरूंच्या आवाजातला मध आटला. "लोकांचे अनुभव वाचा! ते तर खरे आहेत?"

तेव्हा आई उठली. "माझ्याकडे खासगीत अजून एकही माणूस आलेला नाही. मग हे आभार कुणी मानले?"

"ते... ते भविष्यातले आभार आहेत, ताई."

"चौदा वर्षांत एकाही मुलाचं नाव मी घरीसुद्धा उच्चारलं नाही. आणि तुम्ही माझ्या फोटोखाली नावं टांगता? काढा ते पान. आत्ता!"

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं सभागृह. गुरू 'महत्त्वाचा फोन' घेऊन मागच्या दाराने सटकले.

वाचकहो, शिकलेला माणूस फसत नाही हीच मोठी अंधश्रद्धा आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर भारावायच्या आधी एवढंच विचारा : हे मोजतं कोण, आणि मला तपासू देणार का? उत्तराऐवजी प्रवचन मिळालं, तर समजून जा.

बाहेर आई गाडीपाशी थांबली. "म्हणजे माझं काही जमणारच नाही," ती म्हणाली.

"दुसरा कुणी चांगला गुरू बघू," बाबा म्हणाले. खरंच म्हणाले!

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "आईची वेबसाइट मी करणार. तिचं शिक्षण, भेटीच्या वेळा, फोन नंबर. औषधं ती देत नाही, हेही लिहिणार. आणि जीव नकोसा झाला असेल तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, हे सगळ्यात वर, ठळक. आधी शनिवार-रविवारच लोकांना भेटायचं. शाळा सोडायची नाही. आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय."