उघड्या कडेची आग

चाळीस वर्षांत बाईंच्या हातून एकही कपडा कड न दुमडता बाहेर पडला नव्हता. नाटक कंपनीच्या शिवणखोलीतून राजे गेले, भिकारी गेले, एकदा तर दोन माणसांचं मिळून एक गाढव गेलं. सगळ्यांच्या कडा आतून नीट तुरपाई केलेल्या. "आतलं कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं, की बाई नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

या खेपेला त्यांनी आग शिवायला घेतली होती.

नाटक सर्पसत्राचं. तक्षक नागानं बाप मारला म्हणून जनमेजय राजा यज्ञ मांडतो. मंत्रांच्या ओढीनं जगातले साप एकेक करून कुंडात येऊन पडतात. शेवटी खुद्द तक्षक खाली येत असताना आस्तिक मुनी 'थांब' म्हणतो आणि तो अधांतरी लटकतो. दिग्दर्शकाला ही आग रंगवलेल्या पडद्यावर दाखवायची होती.

"पडद्यावरच्या आगीत साप पडणार कसा?" बाई म्हणाल्या. "आपटून खाली येईल, दोरीवरनं निसटलेल्या मोज्यासारखा. आहुती पडली की ज्वाला उसळायला हवी. नाहीतर तो यज्ञ कसला, शेकोटी. मी रेशमाची करते. खालून पंखा लावा."

"तालमीत बघू," दिग्दर्शक म्हणाला. "नाही जमलं तर पडदा."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तालीम झाली. बाईंची मुलगी त्याच कंपनीत दिवे सांभाळायची. तिनंच पंख्याचं बटण दाबलं. कुंडातून चौतीस ज्वाला उठल्या आणि तशाच ताठ उभ्या राहिल्या.

"हजेरी घ्यायची का यांची?" राजा झालेला नट म्हणाला. सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही, तेच बाईंना जास्त लागलं.

"पाचला पुन्हा एकदा बघतो, बाई. मग मात्र पडदा टांगायला सांगणार."

शिवणखोलीत बाई कुंडातून सोडवून आणलेल्या ज्वाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिल्या. मुलगी मागोमाग आली.

"तुझ्या आगीला शिस्त फार, आई."

"तू नको आता मीठ चोळूस."

मुलीनं टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवला. तशी जमिनीवरची एक चिंधी उठली, वळवळली, नाचत वर गेली आणि तिच्या केसांत अडकली.

"ही कुठल्या कापडाची गं?"

"त्याच रेशमाची. बेतताना उरलेली."

"मग हिलाच कसं नाचता येतं?"

बाईंनी चिंधी हातात घेतली. मग ज्वाला घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. दुहेरी दुमड, वर बारीक टीप. चौतीसच्या चौतीस ज्वालांना त्यांनी आपल्या हातानं ओझं बांधलं होतं.

कात्री उचलली खरी, पण हात पुढे होईना.

"उघडी कड बाहेर जायची. माझ्या हातची."

"आग आहे ती. तिला कुठे कुणाच्या लग्नाला जायचंय?"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच पहिली कड कापली गेली. मग मायलेकी समोरासमोर बसल्या. चारच्या सुमाराला दोघींच्या पायाशी टिपा मारलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता.

पाचला पंखा सुरू झाला. ज्वाला उठल्या, एकमेकींत शिरल्या, फाटल्या, पुन्हा सांधल्या. पहिला साप कुंडात पडला. क्षणभर वारा अडला, ज्वाला दबल्या आणि बाजूंनी दुप्पट उसळल्या. उघड्या कडांचे धागे सुटून लाल दिव्यात वर उडाले. राजा दोन पावलं मागे सरकला. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आस्तिक 'थांब' म्हणाला तेव्हा मुलीनं पंखा हळूहळू उतरवत नेला, आणि लटकत्या तक्षकाखाली आग थकल्यासारखी बसली.

"पडदा परत पाठवा," दिग्दर्शक म्हणाला. मग कुंडाजवळ येत, "त्या ठिणग्या कशा जमवल्या?"

कडा उसवल्यात, माफ करा, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दिव्यांच्या माळ्यावरून आधीच आवाज आला. "आईनं केल्यात. तिला विचारा."

बाईंनी पाठ सरळ केली. "रोज विरणार ती," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला नवी आग लागेल. मला आधी सांगत जा."

मुलगी खोलीत आली तेव्हा बाई कापलेल्या पट्ट्या गोळा करत होत्या.

"अगं, टाक की त्या."

"टाकते कशी? तक्षकाची शेपूट आखूड वाटली मला. यांची जोडून देते." बाईंनी सुईत दोरा ओवला. "जळायचे ते जळले. वाचलाय त्याच्या तरी कडा नीट नकोत का?"