प्रोसेसरची खोटी ओळख

सरूबाईंसमोर जाऊन उभं राहायला मला चार दिवस लागले. कशासाठी लागले, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: भेकडपणा.

आमची कंपनी छोटी, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत. ठिबकचे पंप चालू-बंद करणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. सोल्डरिंगच्या टेबलांवर बायका बसतात आणि बोर्ड पुरा झाला की जी ती त्यावर आपल्या रंगाची टिकली चिकटवते. सरूबाईंची हिरवी. अकरा वर्षं त्या बिडकीनहून बसनं येतात.

माझं काम खुर्चीतलं. बोर्डवर प्रोसेसर कोणता बसवलाय, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, आपोआप कळत नाही. एका फाइलीत त्याचं वर्णन लिहून द्यावं लागतं. कोअर किती, जास्तीत जास्त वेग किती, त्या वेगाला व्होल्टेज किती. कर्नल ते वाचतो आणि खरं मानतो. उलटतपासणी घेत नाही. या वेळी प्रोसेसर आधीच्याच कंपनीचा, पण स्वस्तातला, कमी वेगाचा आला होता. खरेदीवाल्यांनी मला तसा मेलही केला होता. मी जुन्या बोर्डची फाइल उचलली, वरचं नाव बदललं आणि पुढं ढकलली. आणि माझं काम चोख असतं, असं मीच चारचौघांत सांगत फिरतो.

पिशोरला आल्याच्या शेतांत बसवलेले कंट्रोलर एप्रिलमध्ये भर दुपारी बंद पडायला लागले. सकाळी ठणठणीत, दोन वाजता ठप्प. परत आलेल्या झाडून सगळ्या बोर्डांवर हिरवी टिकली, कारण ती अख्खी खेप सरूबाईंच्याच टेबलावर झाली होती. प्रॉडक्शन मॅनेजर बद्रीनाथ यांनी निकाल लावून टाकला: सोल्डरिंगचे टाके कच्चे राहिलेत, तापले की सुटतात.

सोमवारी सकाळी मी सहज ती फाइल उघडली आणि वेगाचा आकडा बघितला. प्रोसेसरला झेपणारच नाही असा वेग मी लिहून दिला होता. गारव्यात तो कसाबसा पळायचा, उन्हात मान टाकायचा.

त्याच दुपारी बद्रीनाथांनी सगळ्यांना टेबलांपाशी गोळा केलं.

"सरूबाई, लक्ष कुठं असतं तुमचं?"

"साहेब, माझ्या लेकराची आण घेऊन सांगते, माझा टाका कच्चा नाय."

कुणीतरी हसलं. मी हातात चहाचा कप धरून उभा होतो. उद्या सांगू, म्हटलं. चहा संपवलासुद्धा.

सरूबाईंना पॅकिंगला टाकलं. मंगळवारी दुसऱ्या बायकांनी त्याच बोर्डांना नव्यानं टाके मारले आणि मी गुपचूप आकडा दुरुस्त करून फाइल चढवली. दिवसभर बोर्ड तापवून बघितले. एकही बंद पडला नाही.

"बघा श्रीनिवासराव," बद्रीनाथ खुशीत मला म्हणाले, "हात बदलला आणि माल सुधारला!"

माझ्या दुरुस्तीनंच सरूबाईंच्या नावावर शिक्का बसला. तेव्हाही मी नुसतं "हो" म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही किळस येते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगला गेलो. आधी क्लॉक, व्होल्टेज असले शब्द फेकत राहिलो, चूक जरा वजनदार दिसावी म्हणून. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग सरळ सांगितलं.

"म्हंजी माझे टाके चांगले व्हते?"

"चांगलेच होते. चूक माझी होती."

त्यांचे डोळे भरले. "लई बरं झालं सर, सांगितलं. मला वाटाया लागलं व्हतं, मीच खोटी. चार दिस झाले, पोराला जवळ घ्यायचं भ्या वाटतंय. खोटी आण घेतली म्हणून त्याला काई झालं तर?"

त्यांनी डोळे पुसून माझ्याकडं बघितलं.

"तुमाला कवा कळलं हे?"

"सोमवारी. सकाळी."

"दुपारी तुमी तिथंच उभे व्हते की."

"होतो," मी म्हणालो आणि बद्रीनाथांच्या केबिनकडं वळलो. सरूबाईंनी मागून हाक मारली.

"केबिनात नका सांगू, सर. मला जिथं बोलले, तिथं सांगा. सगळ्यांसमोर."