गोळी कुणासाठी

भिंतीवर रंगवलेलं: नवा जिल्हा झालाच पाहिजे. त्याखाली खडूनं: टँकर उद्या.

धुळीनं पांढरी पडलेली बाभळ.

एका दमात सात शिंका.

गादीखाली दडवलेली पिवळी फाईल.

रविवारी पोरीला बघायला पाहुणे येणार, म्हणून शेजारून आणलेले कप.

साहेबरावानं गोळ्यांची पट्टी मेडिकलच्या काचेवर आपटली.

"इख इकून राहिलास का रे सिद्धलिंगा?"

अहमदपुरातली भरदुपार. दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. साहेबरावाला तेच हवं होतं. चार दिवस त्याची बायको केवळाबाई बसल्या जागी पेंगत होती. तव्यावर भाकरी जळाली तरी तिला पत्ता नाही. आज सकाळी तोल जाऊन न्हाणीत पडली, कपाळाला खोक पडली. वर गल्लीतल्या बाया खिदळल्या, "काय वो केवळामावशी, प्यायला पाणी न्हाई अन् तुमाला शिंदी कुठं घावली?" ते हसू अजून त्याच्या कानात सलत होतं.

सिद्धलिंगनं पट्टी उलटीपालटी करून बघितली.

"काका, ही शिंकांची, खाजेची गोळी. या धुळीत अर्धं गाव खाऊन राहिलंय. तुमाला चक्कर आली का?"

"मला कशाला येईल? तुझी काकू पडली!"

"काकूला दिली? तुमी तर सोतासाठी नेली."

"नेली असंन. शिंका तिलाच येत होत्या. गोळी ती गोळी. माणूस बदललं की इख होते का तिचं?"

सिद्धलिंग काउंटरमागून बाहेर आला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकूच्या किडनीला काय हाय का? त्या दिशी मी इचारलं, तवा तुमी छाती ठोकून म्हणले, मी ठणठणीत हाय."

साहेबरावानं गिऱ्हाइकांकडं बघितलं. चौघांतला एकजण पाहुण्यांच्या भावकीतला होता. आईची किडनी गेली म्हटल्यावर लोक पोरीचं रक्त तपासायला निघतात. म्हणून तर दोन वर्षं केवळाबाईची सगळी औषधं तो लातूरहून आणत होता. गावात काही घ्यायचं झालं तर स्वतःच्या नावावर.

त्यानं उपरण्यानं मान पुसली.

"निम्मीबी चालत न्हाई तिची किडनी," तो म्हणाला. हळू म्हणायचं होतं. मोठ्यानं निघालं.

भावकीतल्या माणसानं मान खाली घातली.

"ही गोळी लघवीवाटं जाते, काका. किडनी थकली की अंगातच साचत राहते. डॉक्टर अशा माणसाला कमी देतात, न्हाईतर दुसरी देतात. आता एकबी देऊ नका. डोक्याला मार हाय, आत्ताच दवाखान्यात न्या. किडनीची फाईल संगं घ्या."

"मंग तशी पाटी लावायला काय धाड भरली होती तुला?" साहेबराव ओरडला, पण पाय केव्हाच पायरी उतरले होते.

पहिली गोळी तळहातावर घेऊन केवळाबाईनं विचारलं होतं, "लातूरच्या डॉक्टरला इचारलं का?"

साहेबराव म्हणाला होता, "हाव, इचारलं."