कट्टीला शून्य गुण

मृणाल भागवतचं जिने जन्माचं भलं केलं, त्या बाईने पहिल्याच भेटीत तिचा प्रबंध टेबलावर आपटला होता. आपटला म्हणजे खरंच आपटला. भोपाळच्या चार इमली वस्तीतल्या त्या सरकारी बंगल्यातला शिपाई दचकून दारात आला.

"कोणी शिकवलं गं तुला हे?" मनोरमाबाई सबनीस म्हणाल्या.

मनोरमाबाई जन्मभर नागपुरात मानसशास्त्र शिकवून आता अधिकारी मुलाकडे भोपाळला राहत होत्या. प्रबंध विद्यापीठात देण्याआधी एकदा त्यांच्या नजरेखालून घाल, असं मृणालच्या मार्गदर्शकांनी सुचवलं होतं. तिला वाटलं, बाई दोन-चार शब्द बदलतील, पाठ थोपटतील. घरी, भोपाळातच कोटरा सुल्तानाबादला, तिच्या वडिलांनी तर यच्चयावत नातेवाइकांना कळवून टाकलं होतं, की पोरगी दिवाळीपर्यंत डॉक्टर होते.

विषय होता, लहान मुलांना मैत्री कितपत कळते. सोनागिरीच्या एका खाजगी शाळेत, तिसरीच्या 'अ' तुकडीत मृणालने मुलांना एकेक करून समोर बसवलं. वर्गातले तुझे जवळचे मित्र कोण, नावं सांग. मग पुढचा प्रश्न, मित्र म्हणजे कोण? उत्तराला शून्यापासून चारपर्यंत गुण. मोजपट्टी परदेशातून आलेली, मृणालने तिला फक्त हिंदी कपडे चढवलेले. ज्याने कुणाचं नाव घेतलं नाही आणि ज्याचं कुणीही घेतलं नाही, ते मूल 'मित्रहीन'.

असा शब्द तिसरीतल्या पोराच्या कपाळावर चिकटवायला किती वेळ लागतो? एक दुपार. मोठी माणसं वर्षानुवर्षं शेजारच्या फ्लॅटमधल्याचं नाव विचारत नाहीत, त्यांना कुणी मित्रहीन म्हणत नाही. त्यांना 'बिझी' म्हणतात.

"ही जुई कोण?" बाईंनी मधलं पान उघडलं.

"मित्रहीन गटातली. मराठीच आहे. शाळा सोमवारपासून तिला 'ब' तुकडीत टाकतेय. तिथे मैत्री शिकवायचा खास तास ठेवलाय."

"तुझ्या आकड्यांवरून?"

"हो." आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला सांगा.

"मैत्रीण म्हणजे कोण, तर ही म्हणते, 'जिच्याशी भांडता येतं ती.' आणि तू दिलंस शून्य."

"मोजपट्टीत बसत नव्हतं, मॅडम."

"मोजपट्टीत तू तरी बसतेस का? एक दिवस गेलीस, एकदा विचारलंस, आणि पोरीचा वर्ग बदलून मोकळी झालीस. अगं, डॉक्टरसुद्धा ताप दोनदा बघतो! परत जा. तीच मुलं, तेच प्रश्न. उत्तरं तीच आली तर मी गप्प बसेन. आणि मी गप्प कधी बसत नाही, हे माझ्या सुनेला विचार."

रिक्षात मृणालने डोळे पुसले आणि बाईंना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. म्हातारीला काय जातंय बोलायला! पण उलटतपासणीला घाबरतं ते संशोधन कसलं, हा काटाही सोबत घरी आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती शाळेत गेली.

वर्गात शिरली तर जुई शेजारच्या विक्रांतला ढोसत होती. "विक्रांत, उससे बोल, उसकी बॉटल का ढक्कन खुला है. किताबें भीग जाएँगी."

'उससे' म्हणजे अरीबा. ती बसली होती हातभर अंतरावर. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तरी विक्रांतने बिचाऱ्याने मान वळवून निरोप पोचवला. अरीबाने झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "विक्रांत, उससे बोल, थँक्यू."

"मैं नौकर हूँ क्या तुम दोनों का?" विक्रांत वैतागला.

मृणालने जुईला बाहेर बाकावर बसवलं. "अरीबाशी बोलत नाहीस?"

"कट्टी आहे."

"कधीपासून?"

"तिने माझी जागा शमिकाला दिली ना, तेव्हापासून. तुम्ही नावं विचारली, त्याच्या आधीच."

"आणि गौरांग तुझं खोडरबर पळवतो, असं मागच्या वेळी म्हणालीस. त्याच्याशी नाही कट्टी?"

जुईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मोठ्या माणसाच्या मूर्खपणाकडे मुलं पाहतात. "गौरांगशी कशाला कट्टी? तो माझा कोण लागतो?"

मृणालच्या हातातली पेन्सिल थांबली. कट्टी तिनेही केली होती की लहानपणी! पण मोठ्या पदवीच्या मागे लागलं की माणूस स्वतःचं लहानपण खुंटीला टांगून ठेवतो.

"मग त्या दिवशी तिचं नाव का नाही सांगितलंस?"

"कट्टीत नाव नसतं घ्यायचं. घेतलं की तुटते."

"तुटू दे की."

"आधी ती तोडेल." जुई जरा वेळ पाय हलवत बसली. मग हळूच म्हणाली, "दीदी, मला 'ब'मध्ये टाकलं, तर ती कट्टी तोडायला येणार कुठे?"

पोरीचे डोळे भरले होते. 'मित्रहीन' पोरीचे.

मृणालने तरीही शिस्त पाळली. सगळ्या वर्गाला तेच प्रश्न पुन्हा विचारले. निम्म्या मुलांनी वेगळीच नावं सांगितली. मित्रहीन ठरवलेल्यांपैकी एकाच्या घरी त्या दिवशी आजी आजारी होती, म्हणून तो बोललाच नव्हता. एकीचा जिवलग 'ब'मध्येच होता आणि प्रश्न 'अ'पुरता. प्रबंधातला एकेक खांब असा पडला, आणि पाडणारी ती स्वतःच.

मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत तिने सरळ सांगितलं, "वो रिपोर्ट वापस लेने आई हूँ."

"पेरेंट्स को बता चुके हैं, भागवत मॅडम! आपने ही तो कहा था ये बच्चे अलग हैं."

"गलत कहा था. एक बार पूछकर कह दिया. आप चाहें तो मेरे नाम से बताइए सबको."

"आपकी पीएचडी का क्या होगा?"

"लटकेगी."

मॅडम चिडल्या, फोनाफोनी झाली, खास तासाच्या बाईंनी तोंड फुगवलं. मृणाल हलली नाही. लेखी देऊन, 'ब'मध्ये हलवायच्या यादीवर रेघ मारलेली बघूनच उठली. मार्गदर्शक तिला काय काय बोलले ते सोडाच. वडील एवढंच म्हणाले, "पुढच्या दिवाळीला होशील. नातेवाइकांना काय सांगायचं ते मी बघून घेतो." त्यांचे उपकार तिने त्याच वेळी मोजायचे सोडले.

चार इमलीत जाऊन ती बाईंच्या पाया पडायला वाकली.

"ऊठ गं. तुला उचलायला वाकले तर माझी पाठ जाईल."

"तुम्ही आपटला नसता, मॅडम, तर ती पोर गेली असती 'ब'मध्ये. आणि मी तेच लिहून डॉक्टर झाले असते."

"अशा पुष्कळ झाल्यात," बाई म्हणाल्या. "बस. कट्टीवर आधी लिहू."

सोमवारी मृणाल शाळेत गेली, ती वर्गाच्या दारातच थांबली. जुई 'अ'मध्येच होती, अरीबापासून हातभर अंतरावर. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. विक्रांत मध्ये कपाळाला हात लावून निरोप पोचवत होता.

मृणाल आत न शिरताच मागे वळली. कट्टी तोडायला अजून शाळेचं वर्ष पडलं होतं, आणि दोघी एकाच वर्गात होत्या.